फायबरसाठी वायफाय राऊटर घेताय? आधी घर बघा, मग राऊटरचा खोका

मावशीकडे २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. डोंबिवलीत टू बीएचके घर, हॉलमध्ये दाराच्या वरती कंपनीवाल्याने डबा लावून दिलाय आणि आतल्या बेडरूममध्ये मिळत होते कसेबसे १५. तिने दुकानातून चार अँटेनावाला नवीन राऊटर आणला, बाराशे रुपये मोजले, दुकानदार म्हणाला चार अँटेना म्हणजे सगळ्या घरात रेंज. बेडरूममध्ये फरक काही पडला नाही, उलट हॉलमध्ये आधी १८० यायचे ते आता ९३ वर अडकले. बाराशे रुपये घालून नेट स्लो झालं. तिने फोन केला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण ही फसगत मी आधीही बघितलीये आणि ती टाळता येते, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

तर पहिली गोष्ट, काहीही विकत घ्यायच्या आधी वायरने टेस्ट करा. फायबरची बारीक वायर ज्या डब्यात येते त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. त्याच्यावर पॉन (PON) नावाचा लाईट स्थिर हिरवा पाहिजे आणि लॉस (LOS) नावाचा लाईट बंद पाहिजे. लॉस लाल असेल किंवा पॉन सारखा मिचमिचत असेल तर प्रॉब्लेम बाहेरच्या लाईनचा आहे, कंपनीला फोन लावा, राऊटर बदलून उपयोग नाही. लाईट ठीक असतील तर ओएनटीच्या लॅन पोर्टमधून, म्हणजे नेटची वायर लावायच्या खाचेतून, सरळ लॅपटॉपला वायर लावा, वायफाय बंद करा आणि स्पीड बघा. २०० च्या प्लॅनला १९० च्या आसपास आलं म्हणजे कंपनी तुमचं तुम्हाला देतेय आणि गडबड घरात आहे. वायरवरच ४० येत असेल तर दहा हजारांचा राऊटर आणला तरी ४० च राहणार. आणि आकडा जर बरोबर ९३-९४ वर येऊन थांबत असेल तर समजायचं की मधलं काहीतरी १०० एमबीपीएसवालं आहे, एक तर पोर्ट, नाहीतर लॅपटॉपचं कार्ड, नाहीतर वायर. वायरीत आठ तारा असतात, त्यातल्या चारच नीट जोडल्या असतील तरी नेट चालतं पण १०० च्या वर जात नाही. लोकल वायरमनने टोकाला पिन बसवून दिलेल्या वायरीत हे मी दोनदा पकडलंय.

मावशीच्या नव्या राऊटरचं हेच होतं, त्याचे सगळे पोर्ट १०० चे. म्हणून राऊटर निवडताना माझी पहिली चाळणी एकच असते, वॅन पोर्ट (ज्यातून नेट राऊटरमध्ये येतं तो) आणि लॅन पोर्ट दोन्ही गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे पाहिजेत. खोक्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात एसी१२०० लिहिलेलं असतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात पोर्टचा वेग १०/१०० असतो, तो वाचा. १०/१००/१००० लिहिलेलं असेल तरच घ्या. उदाहरण द्यायचं तर टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ दोन्ही एसी१२०० म्हणून विकले जातात, पण सी५० ला १०० चे पोर्ट आहेत आणि सी६ ला गिगाबिट. दिसायला सारखे, नावं सारखी, आणि १०० च्या वरचा प्लॅन असेल तर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. तुमचा प्लॅन ३० किंवा ५० चा असेल तर आज फरक पडणार नाही हे खरं, पण राऊटर चार-पाच वर्षं वापरतो आपण आणि प्लॅन तोपर्यंत वाढतोच.

अजून एक, खोक्यावर डीएसएल किंवा मोडेम राऊटर लिहिलेलं असेल तर तो टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या लाईनसाठीचा आहे, फायबरला नको. ऑनलाईन शोधताना हे सगळं एकत्रच दिसतं म्हणून सांगितलं.

आता त्या आकड्यांचं काय असतं ते. एसी म्हणजे वायफाय ५, आणि एसी१२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, दोन्हींची बेरीज. तुमचा फोन सहसा एका वेळी एकाच बँडवर, म्हणजे या दोनपैकी एकाच फ्रिक्वेन्सीवर असतो, त्यामुळे बेरजेला अर्थ नाही. शिवाय ८६७ हा हवेतला कागदी वेग, हातात पडताना साधारण निम्मा ते दोन तृतीयांश पडतो, तोही राऊटर समोर दिसत असेल तर. एएक्स१५०० म्हणजे वायफाय ६, ३०० अधिक १२०१. एएक्स३००० मध्ये ५७४ अधिक २४०२, पण ते २४०२ मिळायला फोन-लॅपटॉपनेही १६० मेगाहर्ट्झची चॅनेलची रुंदी सपोर्ट करायला लागते आणि बरेच फोन ती करत नाहीत. माझा हिशोब असा की १०० ते २०० चा प्लॅन आणि घरात आठ-दहा डिव्हाईस असतील तर गिगाबिट पोर्टवाला एसी१२०० पुरतो, ३०० च्या पुढे असाल किंवा घरात टीव्ही, कॅमेरे, दोघांचं वर्क फ्रॉम होम, मुलांचे टॅब असं सगळं एकदम चालत असेल तर वायफाय ६ घ्या, कारण खूप डिव्हाईस एकदम सांभाळणं ते जास्त चांगलं करतं. नवीनच घेताय आणि किमतीत पाच-सातशेचाच फरक असेल तर सरळ वायफाय ६ घ्या. वायफाय ७ साठी जास्तीचे पैसे साध्या घराला आत्ता नकोत. आणि अँटेना मोजू नका, स्वस्त राऊटरला सहा अँटेना लावल्या म्हणून भिंत पातळ होत नाही.

भिंतीवरच खरं सगळं अवलंबून आहे. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी जातो पण स्लो, आणि सोसायटीत तर त्याच्यावर तुफान गर्दी, कारण एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि वर-खाली-बाजूला मिळून पंचवीस राऊटर. ५ गिगाहर्ट्झ फास्ट आहे पण विटांच्या दोन भिंती आल्या की मान टाकतो. आरसा लावलेलं लोखंडी कपाट, फ्रीज, पाण्याची टाकी हे तर त्याचे शत्रूच. मावशीकडे राऊटर आणि बेडरूमच्या मधे दोन भिंती आणि गोदरेजचं कपाट होतं, बास.

हे डोळ्यांनी बघायचं तर फोनमध्ये वायफाय ॲनालायझरसारखं कुठलंही फुकट ॲप टाका आणि घरभर फिरा, दारं बंद करून. सिग्नल उणे डीबीएममध्ये दिसतो. उणे ५० म्हणजे मस्त, उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की अडखळणं सुरू. प्रत्येक खोलीतला आकडा कागदावर लिहा, बेड जिथे आहे तिथला, मुलं जिथे अभ्यासाला बसतात तिथला. हा कागद हातात आला की निम्मा निर्णय झाला. एक-दोन खोल्यांत उणे ७० च्या आसपास असेल तर आधी राऊटर हलवून बघा, टीव्ही युनिटच्या मागून काढून घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवला की कितीतरी घरांत काही विकत घ्यावंच लागत नाही. मावशीकडे पॅसेजमध्ये आणला तर बेडरूमला ९० यायला लागले, तोच राऊटर. फक्त फायबरची वायर स्वतः ओढाताण करून हलवू नका, आत काच असते, काटकोनात वाकवली की सिग्नल पडतो. ओएनटी आहे तिथेच राहू दे आणि तिथून साधी लॅन वायर पुढे न्या. आणि निघालेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नाही, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला वाईट.

पण काही घरं अशी असतात की एका राऊटरने भागतच नाही. मामाचं घर संगमेश्वरच्या बाजूला, जांभ्या चिऱ्याचं जुनं घर, भिंती अशा जाड की ओटीवरचा वायफाय माजघरात पोचेपर्यंत संपतो. तिथे कितीही महागडा एक राऊटर लावा, नाही चालणार. रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, लावला होता आधी, तो त्याच हवेतून घेतो आणि त्याच हवेतून देतो म्हणून वेग निम्मा होतो, आणि लोक तो लावतात पण नेमका रेंज संपते तिथे, मग त्याला तरी काय मिळणार. शेवटी आम्ही वासे धरून कॅट ६ (गिगाबिट चालणारी लॅन वायर) माजघरापर्यंत नेली आणि जुना पडून असलेला राऊटर तिथे ॲक्सेस पॉईंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट फक्त वायफायने पसरवायला, लावला. सोपं आहे, जुन्या राऊटरमध्ये ॲक्सेस पॉईंट मोड असेल तर तो ऑन करा, नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) मुख्य राऊटरपेक्षा वेगळा करा, डीएचसीपी (डिव्हाईसना असे पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि वायर वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखा ठेवा. वायर घेताना शुद्ध तांब्याची मागा, दुकानात स्वस्त म्हणून देतात ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली असते, पटकन तुटते. वायर टाकणं शक्यच नसेल, भाड्याचं घर असेल, तर मेश (एकाच नावाने मिळून चालणारे दोन-तीन वायफाय डबे) घ्या, पण मेशचा दुसरा डबा मधल्या खोलीत ठेवा, शेवटच्या नको.

पैसे देण्याआधी कंपनीला किंवा तुमच्या लोकल केबलवाल्याला फोन करून एवढं विचारा: ओएनटी ब्रिज मोडमध्ये (ओएनटीने नेट फक्त पुढे द्यायचं, बाकी काम नव्या राऊटरने करायचं) टाकून देणार का, पीपीपीओई (राऊटरमध्ये लॉगिन टाकून नेट चालू करायची पद्धत) असेल तर युजरनेम पासवर्ड काय, व्हीलॅन आयडी (राऊटरमध्ये टाकायचा कंपनीचा एक नंबर) टाकावा लागतो का, आणि मॅक ॲड्रेस (प्रत्येक राऊटरचा स्वतःचा ओळख नंबर) बांधलेला आहे का, म्हणजे ठराविक राऊटरलाच नेट मिळतं का. मॅक बांधलेला असेल तर नवीन राऊटर लावल्यावर नेट येतच नाही आणि लोकांना वाटतं राऊटर खराब निघाला. ब्रिज करून देत नसतील तरी अडत नाही, नवा राऊटर ॲक्सेस पॉईंट मोडमध्ये लावा आणि ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर दोन्ही एकमेकांच्या आड येतात. ओएनटी काढून फेकायचा मात्र नाही, लँडलाईन फोन त्याच्यावरच असतो बऱ्याच ठिकाणी.

लाईट जाणाऱ्या गावात असाल तर राऊटरसाठीचा मिनी यूपीएस (लाईट गेल्यावर चालणारी छोटी बॅटरी) बजेटमध्ये आधीच धरा. ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेक १२ व्होल्ट, पण बघूनच घ्या. ओएनटी आणि राऊटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप पाहिजे, एकच चालू राहून काही उपयोग नाही.

लावून झाल्यावर पहिल्या दिवशीच ॲडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, वायफायच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ (WPA2) किंवा डब्ल्यूपीए३ (WPA3) ठेवा. सीसीटीव्ही आणि स्मार्ट बल्ब यातले बरेच फक्त २.४ वर चालतात, ते जोडताना अडत असेल तर दोन बँडची नावं वेगळी करून बघा. मग तोच कागद घ्या, दारं बंद करा, त्याच जागी उभं राहून परत आकडे लिहा. फरक पडला नसेल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत परत करा, तोपर्यंत खोका, बिल आणि आतली पिशवी कचऱ्यात टाकू नका. मावशीने खोका टाकून दिला होता, त्यामुळे दुकानदाराने तो राऊटर परत घेतला नाही.