जुन्या शंभर सीसीचे आटे का जातात, आणि गेले तर काय करायचं

बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात फिरलेली हिरो होंडाची सीडी १०० किंवा पहिल्या पिढीतली स्प्लेंडर दसऱ्याच्या सुमारास घरीच सर्व्हिसिंगला घेतली जाते. इंजिन बिघडतं ते बहुधा ऑईल काढताना नाही, बोल्ट परत बसवताना. बोल्ट पोलादाचा, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं. जोर जास्त झाला की आटे केसिंगचेच जातात.

सुरुवात धुण्यापासून करा. इंजिनच्या पोटाला चिकटलेली तांबडी माती वाळून दगड होते. डिझेल आणि ब्रशने ऑईल काढायच्या ड्रेन बोल्टभोवतीची जागा साफ केल्याशिवाय पाना लावू नका. तीच वाळू आट्यांत गेली की बोल्ट घासत फिरतो आणि आटे कुरतडतो. मग इंजिन पाचेक मिनिटं चालवा, म्हणजे ऑईल पातळ होऊन गाळासकट उतरेल.

बोल्टला १७ चा रिंग पाना लागतो. फिक्स पाना घसरून कोपरे गोल करतो. आणखी एक चूक दिशेची. बोल्टचं तोंड जमिनीकडे असतं, त्यामुळे वरून वाकून हात घातला की सैल करायची दिशा उलटी दिसते. बोल्ट गंजलाय समजून पान्याला पाईप लावला जातो, आणि प्रत्यक्षात तो आवळला जात असतो. जोर लावण्याआधी खाली बसून बोल्टच्या तोंडाकडे बघा. तिथून दिसणारी घड्याळाच्या उलटी दिशा, तीच सैल करायची.

बसवताना अ‍ॅल्युमिनियमचा वायसर नवाच घाला. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनीच फिरला पाहिजे. मध्ये अडला तर काढा, पुसा, पुन्हा लावा. वायसर टेकला की आखूड पान्याने साधारण पाव फेरा, बस्स. थेंब गळतोय म्हणून आणखी आवळू नका, आधी वायसर बदलून बघा.

ऑईलचा ९०० मिलीचा डबा एकदम रिकामा करू नका. ७०० मिली ओता, इंजिन तीन मिनिटं चालवा, बंद करून तितकंच थांबा आणि गाडी मेन स्टँडवर सरळ ठेवून पातळी बघा. डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवून आत घातली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि इंजिन कमी ऑईलवर पळतं.

बोल्ट नुसताच फिरायला लागला तर? टेफलॉन टेप आणि एम-सील दोन्ही नकोत. त्यांचे तुकडे आत जाऊन ऑईलच्या जाळीवर बसतात. जाडा बोल्ट ठोकून बसवला तर केसिंगला चीर जाऊ शकते. हेलिकॉईल, म्हणजे खराब आट्यांच्या जागी बसवायची पोलादी तारेची आटेदार गुंडाळी, हाच खरा इलाज. बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि टॅपिंगची कामं करणारी वर्कशॉप्स पुष्कळ आहेत. तिथे जाताना जुना बोल्ट सोबत न्या. टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, ग्रीस लावायला सांगा, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. उरलेला निघावा म्हणून नंतर थोडं स्वस्त ऑईल वरून ओतून खालून वाहू द्या.

स्पार्क प्लगचंही तेच, फक्त नुकसान महाग, कारण आटे हेडमध्ये असतात. इंजिन थंड असतानाच काढा. गॅप ०.६ ते ०.७ मिमी. बसवताना आधी हलकेच उलटा फिरवा, आटा जागेवर पडल्याचं बोटांना जाणवतं, मग हातानेच आत न्या. नव्या वायसरला शेवटी पाव ते अर्धा फेरा, जुन्याला त्याहून खूपच कमी.

मागचं चाक काढलं असेल तर मात्र सगळ्यात जपायचं ते ब्रेक प्लेटला धरणाऱ्या टॉर्क रॉडला. त्याची चाकी सैल राहिली आणि रॉड सुटला, तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते, चाक जाम होतं. चाकी आवळून कॉटर पिन नवी घाला. जुनी सरळ करून वापरली की तुटते. ब्रेक आर्म (ब्रेक रॉड जोडलेला दांडा) काढण्यापूर्वी तो आणि तो ज्यावर बसतो तो कॅम, दोन्हींवर पंचची खूण करा. एक दात चुकला तरी ब्रेकचा कोन बदलतो. चेनच्या लॉकचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे, झोल २० ते ३० मिमी.

गाडी लगेच चोर्ला घाटात घालू नका. सपाट रस्त्यावर २० च्या वेगाने चार-पाच वेळा ब्रेक मारा, मग ब्रेक न वापरता थोडं अंतर चालवून ड्रमजवळ हात धरा. चटका जाणवला तर ब्रेक शू घासतायत, ब्रेक रॉडची (टॉर्क रॉडची नव्हे) चाकी दोन फेरे सैल करा.