ग्लो प्लगचं वायरिंग नव्याने बनवताना

डिझेल ट्रकच्या ग्लो प्लगचं (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून आतली हवा तापवणाऱ्या प्लगचं) जुनं वायरिंग कडक होऊन तडकलं असेल, तर टेप गुंडाळत बसू नका, नवीनच बनवा. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. जुना हार्नेस (वायरींचा जुडगा) फेकू नका, लांबी आणि वळणं त्यावरूनच मोजायची आहेत.

गरम होताना एकेक प्लग १० ते २० अँपिअर ओढतो, म्हणून बारीक वायर चालत नाही. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत १५ अँपिअरला मीटरमागे साधारण ०.१ व्होल्ट पडतो, तेवढं ठीक. रिलेपासून (प्लगांचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचपासून) येणारी सामायिक वायर मात्र सगळ्या प्लगांचा करंट वाहते. ती बरीच जाड हवी. साधं पीव्हीसी आवरण इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही, १२५ अंश सोसणारी ऑटोमोटिव्ह वायरच घ्या.

वायरीच्या टोकांची टर्मिनल चांगल्या क्रिंपरने (दाबून बसवणाऱ्या पकडीने) दाबा, सोल्डर करू नका. सोल्डरचा डाग दिलेली वायर तिथेच ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते, हे मी हजारदा सांगेन! वरून गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

जोडल्यावर प्लग तापत असताना रिलेच्या आउटपुटवर आणि प्रत्येक प्लगच्या टोकावर व्होल्टेज मोजा. एखाद्याच ठिकाणी जास्त फरक दिसला, तर तोच क्रिंप पुन्हा करा.