सीडी घ्यायची की डाउनलोड? पैसे टाकायच्या आधी एवढं बघून घ्या

मागच्या दिवाळीत चिपळूणला भाच्यासाठी एका रेसिंग गेमची सीडी घेऊन गेलो (ब्लू-रे डिस्क असते ती, पण आपल्याकडे अजून सगळे सीडीच म्हणतात, मी पण म्हणणार). सीलपॅक डबा, वरचं प्लास्टिक त्याने दाताने फाडलं, सीडी आत सरकवली, आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर मेसेज, उरलेला गेम डाउनलोड करा, साठ जीबी. घरात वायफाय नाही, ताईच्या मोबाईलचा हॉटस्पॉट, रोजचे दीड जीबी. पोरगं पाचवीत आहे पण हिशोबाला पक्कं, म्हणालं, "मामा, चाळीस दिवस लागतील. मग सीडी कशाला आणलीस?"

तेव्हा गप्प बसलो आणि त्याला कॅरम काढून दिला. पण डोक्यात किडा वळवळत राहिला, मग बरंच वाचलं, घरातल्या सगळ्या सीड्या नेट बंद करून एकेक टाकून बघितल्या, आणि त्यातून जे कळलं ते इथे टाकतोय, कारण गेमिंगच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच की भाऊ सीडी घेऊ की डिजिटल (म्हणजे डाउनलोड).

आधी स्वतःचं मशीन बघा. हसू नका, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरीज एस घेऊन मग दुकानात सीडी मागणारे लोक मी स्वतः पाहिलेत. त्याला ड्राइव्ह (सीडी टाकायची खाच) नाही आणि बसवताही येत नाही. सोनीच्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) ची पहिली डिजिटल एडिशन, २०२० वाली, तिचंही तेच. २०२३ च्या शेवटी जी स्लिम आली तिला मात्र ड्राइव्ह वेगळा घेऊन बाजूला लावता येतो, फक्त पहिल्यांदा जोडताना एकदा नेट लागतं. आणि २०२४ ची पीएस५ प्रो, सगळ्यात महाग, तीच ड्राइव्हशिवाय येते. गंमत बघा, २०१३ साली एक्सबॉक्स वनवर जुन्या गेम्सच्या देवाणघेवाणीवर बंधनं येणार म्हणून बोंबाबोंब झाली तेव्हा याच सोनीने एक छोटासा व्हिडिओ टाकला होता, मित्राला गेम कसा द्यायचा, तर एक माणूस डबा दुसऱ्याच्या हातात देतो, थँक्स, संपला व्हिडिओ. मायक्रोसॉफ्टला त्या महिन्यातच माघार घ्यावी लागली. आता बारा-तेरा वर्षांनी ड्राइव्हचे पैसे वेगळे.

तर नवीन कन्सोल घेताना माझा सल्ला, ड्राइव्हवालाच घ्या किंवा निदान असा घ्या ज्याला नंतर लावता येईल. ड्राइव्ह असला तरी डिजिटल घेता येतं, उलटं होत नाही. शिवाय कोणाकडे जुन्या पीएस४ च्या सीड्या पडल्या असतील तर त्या पीएस५ वर चालतात, पण ड्राइव्ह असेल तरच, आणि फुकट अपग्रेड मिळालं तरी खेळताना प्रत्येक वेळी सीडी आत लागते.

आता मुख्य मुद्दा, डब्यात नक्की काय आहे. लहानपणी सामुराई नाहीतर मीडियाच्या टीव्ही गेमची पिवळी-लाल कॅसेट आणायचो, तिच्यात जे होतं ते सगळं तिच्यातच होतं (९९९ गेम लिहिलेले असायचे आणि निघायचे सहा, तो भाग वेगळा). आता तसं राहिलं नाही. काही सीड्यांमध्ये पूर्ण गेम असतो, काहींमध्ये अर्धा, आणि काहींमध्ये नुसती किल्ली. २०२२ च्या कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ सीडीवर जेमतेम ७० एमबी डेटा होता, २०२५ च्या डूम द डार्क एजेसच्या सीडीवर ८५ एमबी. त्या सीडीत १०० जीबीपर्यंत मावतं हे लक्षात घ्या. म्हणजे टाकीभर पाण्याचे पैसे देऊन तांब्यात तळाशी घोटभर. बाकी सगळं नेटवरून.

निन्टेन्डोने तर २०२५ मध्ये स्विच २ हा कन्सोल आणताना (त्यात सीडीऐवजी छोटं कार्ड लागतं) याला नावच दिलं, गेम-की कार्ड. कार्ड खरं, डबा खरा, पण कार्डात गेम नाही, डाउनलोड करायचा आणि वर खेळताना कार्डही लावून ठेवायचं. डब्याच्या पुढच्या बाजूला खाली किल्लीचं चिन्ह आणि पट्टी असते, ती बघा. याच स्विच २ वर सायबरपंक २०७७ मात्र ६४ जीबीच्या कार्डात अख्खा बसवून दिलाय, म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. कंपन्या का करत नाहीत, तर मोठं कार्ड महाग पडतं, आणि सीडी छापायला रिलीजच्या बरेच दिवस आधी द्यावी लागते तेव्हा गेम पुरता झालेला नसतो, मग पहिल्या दिवशी मोठा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं डाउनलोड, येतो. आणि उघड कोणी बोलत नाही पण सेकंडहॅन्ड विकलेल्या सीडीचा एक रुपया कंपनीला मिळत नाही.

हे तपासायचं कसं? डब्याची मागची बाजू, खालचं बारीक अक्षर. तिथे डाउनलोड किंवा इंटरनेट आवश्यक असं छापलेलं असेल तर डबा खाली ठेवा. 'डबा आहे पण आत कोडचा कागद आहे' हा प्रकार पण असतो, तो तर निव्वळ डिजिटल गेम, फक्त प्लास्टिकसकट. दुसरं, डझ इट प्ले नावाची एक साइट आहे, तिथे लोक नेट बंद करून सीड्या टेस्ट करतात आणि गेम शेवटपर्यंत जातो का ते लिहून ठेवतात, घ्यायच्या आधी तिथे नाव टाकून बघायला एक मिनिट लागतं. तिसरं, घरी आणल्यावर स्वतः टेस्ट करा. वायफाय बंद, सीडी आत, कॉपी होऊ द्या, मग गेम सुरू करून मेन मेनूवर थांबू नका, पहिली लेव्हल खेळा. मेनू सगळेच दाखवतात. माझ्याकडच्या एका गेममध्ये मेनू, सेटिंग, सगळं झकास, न्यू गेम दाबलं की "इन्स्टॉल होत आहे, थांबा". नेट नाही तर काय डोंबल इन्स्टॉल होणार.

आता पैशाचं. नवीन मोठा गेम ४,९९९ च्या आसपास, सीडी पण तेवढ्यालाच आणि डिजिटल पण. पण समजा सीडी घेतली, महिन्याभरात संपवली आणि ३,००० ला विकली तर गेम दोन हजारात पडला. स्टोरी गेम एकदाच खेळणारे असाल तर हा सरळ हिशोब आहे, डिजिटलमध्ये तो नाहीच कारण ते विकता येत नाही. उलट ज्या गेमवर तुम्ही वर्षभर रोज पडीक असता, क्रिकेट, फुटबॉल, ऑनलाइन वगैरे, तो डिजिटलच घ्या, रोज उठून सीडी कोण बदलणार, आणि सर्व्हर (कंपनीचा कम्प्युटर, ज्यावर ऑनलाइन गेम चालतो) बंद झाला की ती सीडी तशीही चहाच्या कपाखाली ठेवायची. छोटे इंडी गेम्स (छोट्या टीमने बनवलेले) पण डिजिटल, सेलमध्ये. पीसीवाल्यांना तर चॉइसच नाही, तिथे सीडी कधीच मेली, पण स्टीम या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून रुपयात किमती आहेत आणि सेल दणकून लागतो.

सेकंडहॅन्ड घेताना जरा थांबून बघा, इथे लोक फार फसतात. मी सहसा दादर स्टेशनला भेटतो, तिकीट खिडकीजवळ, गर्दी असते ते बरं. सीडी मधल्या छिद्रात बोट घालून आणि कडेला धरायची, मोबाईलचा टॉर्च लावून तिरपी फिरवायची. केसासारख्या बारीक रेघा चालतात, वरचं कोटिंग कडक असतं. नखाला अडकणारा ओरखडा असेल तर नको. कारण ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिमी खाली असतो, डीव्हीडीचा ०.६ मिमी. म्हणून ते टूथपेस्ट चोळायचं जुनं औषध इथे लावू नका, घासून घासून कोटिंग जाईल आणि सीडी कायमची जाईल. मधल्या छिद्राभोवती तडे बघा, डब्यातून ओढून काढणाऱ्यांच्या सीड्यांना ते पडतात. आणि डबा उघडून सीडी आहे ना, कागद नाही ना, ते तिथेच बघा. मी एकदा घाईत लोकल पकडायची म्हणून डबा न उघडता पैसे दिले, ठाण्याला उघडतो तर आत वापरलेला कोड. फोन केला तर भाऊंचा नंबर बंद.

अजून एक, दुबई-मस्कतहून कोणी काका-मामा सीडी आणत असतील तर पीएस४-पीएस५ चा गेम आपल्याकडे चालतो, पण त्याची डीएलसी (गेमला नंतर विकत जोडायचा जास्तीचा भाग) त्याच रीजनची, म्हणजे त्याच देशाच्या स्टोअरची लागते. इथल्या अकाउंटवरून घेतलेली डीएलसी त्या सीडीला लागू होईलच असं नाही, म्हणून डीएलसीवाला गेम असेल तर इथूनच घ्या.

डिजिटल घेणाऱ्यांनी आता नीट वाचा. तुम्ही विकत घेत नाही, खेळायची परवानगी घेता, लायसन्स. हे मी रागाने नाही म्हणत, कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की दुकानाने हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, आणि स्टीमने तेव्हापासून पैसे भरायच्या पानावरच तसं लिहायला सुरुवात केली. युबिसॉफ्टच्या द क्रू या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि गेम कायमचा गेला, एकट्याने खेळायचा असला तरी. ज्यांच्याकडे सीडी होती त्यांचाही गेला, हे महत्त्वाचं, कारण गेमला सतत नेट लागायचं. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स मोहीम काढली आणि २०२५ मध्ये युरोपात दहा लाखांवर सह्या झाल्या. सोनीचा कॉन्कॉर्ड तर २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, दोन आठवडे, गणपतीच्या मखराला पण यापेक्षा जास्त दिवस लागतात. तिथे निदान पैसे परत दिले.

दुकानंच बंद होतात ते वेगळं. निन्टेन्डोच्या जुन्या थ्रीडीएस आणि वी यू या मशीनचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये, एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. आणि गाड्यांचे, गाण्यांचे करार संपले की गेम दुकानातून काढतात, फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये असाच गेला. ज्यांनी आधी घेतला होता त्यांचा चालतो, सीडीही चालते, फक्त नवीन डिजिटल कॉपी मिळत नाही. म्हणून लायसन्सच्या गाड्या किंवा सिनेमातली पात्रं असलेला गेम मनात असेल तर त्याला "नंतर बघू" म्हणू नका.

मग डिजिटल घेतल्यावर करायचं काय? पीएस५ वर सेटिंग, युजर्स अँड अकाउंट्स, मग अदर, तिथे कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले, ते चालू आहे का बघा. हे बंद असेल तर नेट गेल्यावर तुमचाच गेम तुम्हाला कुलूप दाखवतो, आणि ते एका वेळी एकाच पीएस५ वर चालू राहतं. पावसाळ्यात वायर तुटून चार दिवस नेट गेलं की याची किंमत कळते. एक्सबॉक्सवर याला होम एक्सबॉक्स म्हणतात, स्टीमवर ऑफलाइन मोड, पण नेट असतानाच एकदा गेम पूर्ण अपडेट करून सुरू करून ठेवा.

अकाउंटला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप) लावा आणि ईमेल कॉलेजचा किंवा ऑफिसचा देऊ नका, नोकरी बदलली की सगळी लायब्ररी हवेत. रिफंडचे नियम पाठ करा, स्टीमवर चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत, प्लेस्टेशनवर चौदा दिवस पण डाउनलोड सुरू केलं की संपलं, म्हणून तिथे ऑटो-डाउनलोड बंद ठेवा. पीएस प्लसमध्ये (प्लेस्टेशनची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप) महिन्याला 'फुकट' मिळणारे गेम सबस्क्रिप्शन आहे तोवरच. आणि सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळलात त्याची नोंद, हे कोणाच्याच लक्षात येत नाही, पीएस४ गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येतात, पीएस५ गेमचे सुटे नाही, त्याला प्लसचं क्लाउड लागतं, नाहीतर अख्ख्या कन्सोलचा बॅकअप. सीडी घेतली तरी सेव्हचं हेच आहे बरं का.

पीसीवर एक चांगली सोय आहे, जीओजी नावाचं ऑनलाइन दुकान. तिथला गेम घेतला की इन्स्टॉलरची फाइलच उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येते, नंतर नेट नको, लॉगिन नको. एकच गेम स्टीमवर आणि जीओजीवर दोन्हीकडे असेल आणि किंमत सारखी असेल तर मी डोळे झाकून जीओजी घेतो. आपल्या मागे पोरांना लायब्ररी द्यायची म्हटलं तर स्टीमचं अकाउंट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, हार्डडिस्क कपाटात ठेवली तर ती कोणीही उचलेल.

सीड्या असतील तर त्या सांभाळा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दमट हवेत डब्यांना, कागदाला बुरशी धरते, क्वचित सीडीवरही पांढुरके ठिपके येतात. बुटाच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून डब्यांसोबत ठेवा, कपाट भिंतीला चिकटवू नका, डबे उभे ठेवा. पुसताना चष्म्याचं फडकं, मधून बाहेरच्या कडेकडे सरळ, गोल गोल नाही. अंगातल्या बनियनने तर अजिबात नाही, आमच्या घरात हे पाटी लावून सांगावं लागलं.

भाच्याचं काय झालं म्हणाल, तर ताईने शेवटी ब्रॉडबँड घेतलं. तोवर मी त्याला दादरहून एक जुना पीएस४ चा गेम सातशे रुपयात आणून दिला, अख्खा सीडीवर, नेट बंद करून आधी घरी टेस्ट केलेला. त्याने तो पंधरा दिवसांत संपवला आणि आता शाळेतल्या मित्राला पाचशेला विकायला काढलाय, मला विचारलं पण नाही.