क्लाउडच्या आधी सर्व्हिसची वाटणी शिका

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिसमध्ये लागा किंवा पीथमपूरच्या एखाद्या कारखान्याच्या आयटी विभागात, जुनी ईआरपी (साठा, बिलं, हिशेब सांभाळणारी कंपनीची प्रणाली) आणि ती क्लाउडवर न्यायची घाई बहुधा एकत्रच पदरात पडतात. तिथे एसओए (सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर, म्हणजे काम वेगवेगळ्या सर्व्हिसमध्ये वाटायची रचना) आणि क्लाउड यांची गल्लत करू नका. काम कसं वाटायचं हे एसओए ठरवते: साठा एका सर्व्हिसकडे, बिल दुसरीकडे, आणि दोघींमधला करार लेखी. ते काम कुणाच्या यंत्रांवर, कोणत्या भाड्यानं चालवायचं, हा क्लाउडचा प्रश्न. असा करार लिहायची डब्ल्यूएसडीएल ही भाषा २००० मध्येच आली होती; ॲमेझॉनची भाड्याची ईसीटू यंत्रं २००६ ची. वाटणी फसलेली असेल तर क्लाउड ती सुधारत नाही, उघडी पाडतो.

हेलपाट्यांचंच घ्या, म्हणजे एका सर्व्हिसनं दुसरीला कॉल करून उत्तर आणण्याचं. एकाच इमारतीतल्या सर्व्हरकडून उत्तर मिलिसेकंदभरात येतं, म्हणून एक बिल दाखवायला ५० कॉल झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. साठ्याची सर्व्हिस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये गेली आणि एका हेलपाट्याला २० मिलिसेकंद धरले, तर तीच स्क्रीन पूर्ण एक सेकंद अडते. मोठं यंत्र घेऊन हे सुटत नाही. बिलातल्या सगळ्या मालाचा साठा एकाच कॉलमध्ये मागता येईल, असा करारच बदलावा लागतो.

याहून महाग पडतो रीट्राय. बिल नोंदवायची विनंती पोहोचली, नोंद झाली, पण उत्तर वाटेत हरवलं. टाइमआउट झाला म्हणून प्रोग्रॅम पुन्हा पाठवतो आणि बिलं दोन होतात. इथे जीएसटी ई-इनव्हॉइसची रचना नीट अभ्यासा, फार चांगली आहे. आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) हा ६४ अक्षरांचा हॅश, म्हणजे माहितीवरून गणितानं काढलेला ठसा, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांवरून निघतो. तेच बिल पुन्हा गेलं की हॅशही तोच निघतो आणि पोर्टल डुप्लिकेट म्हणून नाकारतं. आपल्याकडे नोंद करणाऱ्या प्रत्येक सर्व्हिसला अशी किल्ली हवीच. मात्र 'डुप्लिकेट' हे उत्तर अपयश धरू नका. आधी मिळालेला आयआरएन शोधून पुढे चला.

सरावासाठी जावाच्या स्प्रिंग बूटमध्ये साठ्याची छोटी सर्व्हिस लिहा, डॉकरमध्ये तिच्या दोन प्रती चालवा, पुढे विनंत्या दोघींत वाटून देणारं एनजिनएक्स ठेवा. लॉगिन करून पानं उघडत राहा. मध्येच बाहेर फेकले गेलात, तर सेशन (तुमच्या लॉगिनची नोंद) एका प्रतीच्या मेमरीत अडकलंय. ते रेडिसमध्ये, म्हणजे दोन्ही प्रतींना वाचता येईल अशा सामायिक डेटाबेसमध्ये हलवा. क्लाउडवर गर्दीप्रमाणे प्रती वाढतात-घटतात, त्यामुळे हे आधी जमायला हवं.

आणि जुन्या प्रोजेक्टवर पहिल्याच आठवड्यात एक तपासा: दोन सर्व्हिस एकाच टेबलात लिहितात का? लिहीत असतील तर कागदावर त्या वेगळ्या असल्या तरी एकीनं कॉलम बदलला की दुसरी बंद पडते. अशी जोडी सोडवल्याशिवाय एकटीला क्लाउडवर नेऊ नका.