रसवंतीवर काचेचा ग्लास परत आणायचा तर

"कागदी ग्लासात द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पर्यावरणाचं वावडं नसतं. त्याला आपल्या ग्लास विसळायच्या बादलीचा संशय असतो. हे उमगायला माझा अख्खा एक उन्हाळा गेला.

१ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे ग्लास आणि स्ट्रॉ देशभर बंद झाले, तेव्हा मीही कागदी ग्लास आणले. लोक खूश झाले. पण त्या कागदाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर रस झिरपत नाही. असा एक ग्लास रात्रभर भिजवून सकाळी कागद खरवडा. पापुद्रा हातात येतो. मी तो गल्ल्याजवळ ठेवलाय. विचारणाऱ्याला दाखवते, भाषण देत नाही.

पहिलं काम, बादली काढा. एकाच पाण्यात दहा ग्लास बुचकळलेले लोक बघतात आणि तिथेच मन उडतं. नळ गिऱ्हाइकाच्या समोर आणा. साबण, मग वाहतं पाणी, शेवटी कढत पाणी, आणि ग्लास जाळीवर उपडे. फडक्याने पुसू नका, सगळ्यात जास्त शंका त्या फडक्याचीच येते. कॉलेजची एक मुलगी रोज ग्लास उजेडात धरून कड बघायची. आठवडाभराने बघणं थांबलं.

"काच की कागद?" असं विचारू नका. सरळ काचेत द्या. कुणी कागदी मागितलाच तर वाद न घालता द्या. घरात आजारपण असेल, त्याची भीती खरी असते.

पार्सलला काचेची बाटली, अनामत वीस रुपये. ही रक्कम फलकावर रसाच्या भावापासून वेगळी लिहा, नाहीतर रस महागला असं वाटतं. बाटली परत आली की पैसे लगेच हातावर, एकही प्रश्न न विचारता. इथे खळखळ केलीत तर ते गिऱ्हाईक पुन्हा बाटली नेणार नाही. मुंबईत राहून आलेल्या एक आजी म्हणाल्या, "आरेच्या दुधाच्या बाटल्या आम्ही अशाच परत द्यायचो." त्यांना काही समजवावं लागलं नाही. घरून किटली आणणाऱ्याला मी थोडा रस वर घालते.

रोज दुकान उघडताना प्रत्येक ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवा. बारीकसा टवका लागला तरी तो ग्लास बाजूला काढा.