ॲडव्हेंचर बाईकचे पुढचे शॉकअप आणि हँडल कसे सुधारावे

पावसाळा ओसरला की गोव्यातल्या ॲडव्हेंचर बाईकवाल्यांच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. सरळ रस्त्यावर हँडल एका जागी राहत नाही, ब्रेक मारला की गाडी पुढून बसते, आणि रंबलर ओलांडताना मनगटांना दणके बसतात. यावर शॉकअपच्या आत महागडे कार्ट्रिज किट बसवण्याचा सल्ला लगेच मिळतो. माझे मत स्पष्ट आहे: हँडलचे बेअरिंग, अ‍ॅक्सल (पुढच्या चाकाचा दांडा) आणि सॅग (आपण बसल्यावर शॉकअप किती दबतो) या तीन गोष्टी बघितल्याशिवाय शॉकअपवर एक पैसाही खर्च करू नका. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो, त्याच्या आधीचा रविवार या कामाला द्यावा. चार महिन्यांचे पाणी, तांबडी माती आणि बार्देश-सालसेतच्या किनाऱ्यावरची खारी हवा, या सगळ्यांनी आपले काम तोवर केलेले असते.

सुरुवात टायरपासून करा. टायर थंड असताना हवा मोजा आणि ती मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढीच ठेवा. स्पोकवर पान्याने हलकेच वाजवत जा. एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे.

बेअरिंग

हँडल बिघडले की बहुतेक वेळा मूळ इथेच सापडते. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडी ठोकळा किंवा जॅक देऊन पुढचे चाक हवेत उचला. आता फक्त दोन बोटांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. अगदी मधोमध आल्यावर ते खाचेत बसल्यासारखे अडते का? तसे असेल तर बेअरिंगच्या वाट्यांत खड्डे पडले आहेत. अशी गाडी सरळ चालवताना सतत बारीक दुरुस्ती करावी लागते, कारण हँडल पुन्हा पुन्हा त्या खाचेकडे ओढले जाते. ग्रीसने हा दोष जात नाही, सेट बदलावाच लागतो. बदलायचाच असेल तर आपल्या मॉडेलसाठी टेपर रोलरचा (निमुळत्या रोलरचा) सेट मिळतो का ते विचारा. गोळ्यांच्या बेअरिंगपेक्षा तो दणके जास्त सोसतो.

मग पुढे बसून शॉकअप खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. 'खट्' असा आवाज आला तर बेअरिंग सैल आहे. तो कसताना मेकॅनिककडून हमखास एक चूक होते: खेळ जावा म्हणून नट जरुरीपेक्षा जास्त आवळला जातो. मग कमी वेगात गाडी डावी-उजवीकडे भरकटते आणि रायडर दोष टायरला देतो. खेळ संपला पाहिजे, पण चाक हवेत असताना हँडलला मधून किंचित ढकलले की ते आपल्या वजनाने बाजूला पडले पाहिजे. पडत नसेल तर आधी केबल आणि वायरिंग कुठे ताणले जात नाही ना ते पाहा. नवा सेट बसवल्यावर काहीशे किलोमीटरनी ताण पुन्हा तपासून घ्या, कारण वाट्या नीट बसल्या की थोडा खेळ येतो.

अ‍ॅक्सल

पंक्चर काढताना चाक सोडले जाते आणि घाईत परत बसते. त्यात शॉकअपचे दोन पाय एकमेकांना समांतर राहिले नाहीत, तर ते आतल्या आत घासतात. उपाय फुकटचा आहे. अ‍ॅक्सलचा नट पूर्ण कसा, पण पिंच बोल्ट (शॉकअपच्या पायात अ‍ॅक्सल आवळून धरणारे) सैल ठेवा. चाक जमिनीवर टेकवून पुढचा ब्रेक दाबा आणि शॉकअप आठ-दहा वेळा जोरात दाबून सोडा. पाय आपापली जागा घेतात. त्यानंतर पिंच बोल्ट कसा.

सॅग

तुम्ही बसल्यावर शॉकअप किती खाली बसतो, तो आकडा म्हणजे सॅग. यासाठी दोन माणसे आणि एक टेप लागते. चाक हवेत असताना शॉकअपची चकचकीत नळी किती उघडी आहे ते मोजा. मग नेहमीचे जॅकेट, हेल्मेट आणि सामानासह गाडीवर बसा. मदतनीसाने हँडल खाली दाबून हळूच सोडावे आणि मोजावे, नंतर वर उचलून हळूच सोडावे आणि पुन्हा मोजावे. दोन्हींची सरासरी घ्या.

समजा, हवेत २३५ मिमी आले, आणि बसल्यावर १५८ व १६४. सरासरी १६१, म्हणजे सॅग ७४ मिमी. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ आणि ४५० या दोन्हींच्या पुढच्या शॉकअपचा ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याचे एकूण अंतर, २०० मिमी आहे. अशा गाडीला एकूण ट्रॅव्हलच्या ३० ते ३३ टक्के, म्हणजे ६० ते ६६ मिमी सॅग चांगला. इथे साधारण १० मिमी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवायला हवा. वर अ‍ॅडजस्टर असेल तर तो फिरवा, नसेल तर स्प्रिंगवरचा स्पेसर तेवढा लांब करून घ्या. मात्र कॅप उघडताना गाडीला इंजिनखालून भक्कम आधार देऊन पुढचे चाक हवेत ठेवा आणि तोंड कॅपच्या वर आणू नका. आत स्प्रिंग दाबलेली असते, कॅप उसळून लागू शकते. प्रीलोड भरपूर वाढवूनही आकडा जुळत नसेल तर स्प्रिंगच तुमच्या वजनाला हलकी आहे. ती बदला.

त्या दोन मापांमधल्या फरकाकडेही लक्ष द्या. तो जितका मोठा, तितके आतले घर्षण जास्त. फार मोठा निघाला तर पुन्हा अ‍ॅक्सलकडे जा, ऑईल सील तपासा, आणि गाडी कधी पडली असेल तर नळी वाकलेली नाही ना ते पाहून घ्या.

ऑईल

शॉकअपचे ऑईल काळे पडते, त्यात पाणी शिरले तर दुधाळ होते, तरी ते वर्षानुवर्षे कोणी बदलत नाही. ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या. गाडी बसते म्हणून जाड ऑईल भरण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. साध्या डॅम्पर रॉडच्या शॉकअपमध्ये ऑईल बारीक भोकांतून जाते. ब्रेक मारल्यावर शॉकअप त्या मानाने सावकाश दबतो, तिथे जाड ऑईल थोडेसेच रोखते. रंबलरवर मात्र तो झटक्यात दबतो, भोके गुदमरतात आणि सगळा दणका हातात येतो. गाडी बसण्यावर खरा इलाज योग्य स्प्रिंग आणि ऑईलची अचूक पातळी हाच आहे. ही पातळी स्प्रिंग काढून, शॉकअप पूर्ण दाबून, नळीच्या काठापासून मोजायची असते, आणि दोन्ही पायांत ती सारखीच हवी.

मागची बाजू

मोठा टॉप बॉक्स भरून मागे माणूस बसवला की मागचा शॉकअप दबतो, पुढचे चाक हलके पडते आणि हँडल तरंगते. म्हणून आधी मागचा प्रीलोड वाढवा आणि जड सामान शक्य तितके पुढे व खाली बांधा. त्यानंतरही वळताना गाडी जड वाटत असेल, तरच पुढच्या शॉकअपच्या नळ्या त्यांना धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमधून ५ मिमी वर सरकवून पाहा. गाडी पटकन वळू लागेल, पण भरधाव वेगात थोडी अस्थिर होईल. शॉकअप पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डला किंवा खालच्या क्लॅम्पला लागत नाही याची खात्री करा.

चाचणी घेताना एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. रस्ताही तोच ठेवा. साखळी-केरीवरून चोर्ला घाटाची वाट मला यासाठी आवडते: खाली सरळ पट्टे, वर घाटाची वळणे. पहाटे निघा, म्हणजे ट्रक कमी लागतात. हँडलची थरथर रोखणारा स्टीअरिंग डॅम्पर विकत घ्यायचा विचार असेल तर तो या सगळ्यानंतर करा. खराब बेअरिंगवर डॅम्पर बसवला तर थरथर दबते आणि बिघाड आत तसाच वाढत राहतो.