लिमिट होल्डेममध्ये सूटेड एक्का खेळताना या चुका टाळा

लिमिट होल्डेम या ठरावीक रकमेच्या बेट (पैजा) असलेल्या पोकरमध्ये हातात बदामाचा एक्का आणि बदामाचीच सत्ती, म्हणजे सूटेड (एकाच चिन्हाची) पाने आली की अनेक खेळाडूंना लगेच सर्वांत मोठा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) दिसू लागतो. प्रत्यक्षात फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पानांवर) तयार फ्लश मिळण्याची शक्यता केवळ ०.८४ टक्के आणि फ्लश ड्रॉ (फ्लशला एकच पान कमी असण्याची स्थिती) मिळण्याची सुमारे ११ टक्के असते, तर फ्लॉपमध्ये आणखी एखादा एक्का येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. म्हणजे हा हात फ्लशपेक्षा एक्क्याच्या जोडीकडे अधिक वेळा जातो आणि तेथे किकर (जोडीसोबतचे दुसरे पान) कमी पडतो. म्हणूनच आधी कोणी रेज केलेली (बेट वाढवलेली) असताना एक्का-सत्तीने नुसता कॉल करणे (तेवढीच रक्कम लावणे) ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक आहे, कारण रेज करणाऱ्याकडे एक्का असला तर त्याच्यासोबत बहुधा राजा किंवा राणी असते. उलट, ज्यांची पाळी शेवटी येते अशा जागांवर बसलेले असताना तीन-चार जणांनी साधा कॉल केला असेल, तर हाच हात स्वस्तात खेळण्याजोगा आहे.

दुसरी चूक फ्लॉपवर होते. फ्लश ड्रॉ रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या सामाईक पानापर्यंत) सुमारे ३५ टक्के वेळा पूर्ण होतो. तीन प्रतिस्पर्धी टिकून असतील तर प्रत्येक बेटमधील आपला वाटा २५ टक्केच असतो, त्यामुळे तेथे रेज न करणे म्हणजे हक्काचा नफा सोडणे होय. मात्र बेट लगतच्या उजव्या खेळाडूने केली असेल आणि बाकीच्यांची पाळी अजून यायची असेल, तर रेजमुळे तेच पळतील. अशा वेळी कॉल करावा.

टर्नवर (चौथ्या सामाईक पानावर) बेट दुप्पट होते आणि न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९ पाने आपल्या कामाची असतात, म्हणून समोरच्याची बेट धरून पॉट (जमलेली एकूण रक्कम) आपल्या कॉलच्या सव्वाचार पट असेल तर ड्रॉ सोडू नये. बोर्डवर (सामाईक पानांत) जोडी पडली असेल, तर समोर फ्लशला हरवणारे फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी पाने) असण्याची शक्यताही धरावी. फ्लॉपवर आपल्या चिन्हाचे एकच पान असताना फ्लशची आशा धरणे मात्र व्यर्थ आहे, कारण तो जेमतेम ४ टक्के वेळा पूर्ण होतो.

रिव्हरवर कमकुवत किकरसह एक्क्याची जोडी घेऊन रेज करू नये, पण घाबरून फोल्डही करू नये (पाने टाकू नयेत): पॉटमध्ये ९ मोठ्या (टर्नपासूनच्या दुप्पट) बेट असताना एका बेटचा कॉल १० पैकी एकदाच जिंकला तरी तोटा होत नाही.